‘परत टेप मागूलालंय की!’

ह्या महिन्यात कॉम्प्युटरचा बॅकअप घ्यायच्या टेपचेच प्रश्न जास्त आलेत म्हणून सगळं सदर त्यालाच देतोय. टेपचा जमाना गेला असं म्हणणारे पुष्कळ भेटतात, पण एलटीओ-९ (एलटीओ हा टेपचा प्रकार, पुढचा आकडा त्याची पिढी) ही टेप २०२१ मध्ये आली आणि तिच्या एका नगावर १८ टीबी डेटा बसतो, शिवाय ड्राइव्हमधून काढून कपाटात ठेवलेल्या टेपला कुठलाच रॅन्समवेअर (डेटा अडवून खंडणी मागणारा व्हायरस) हात लावू शकत नाही, त्यामुळं ज्यांच्याकडं ड्राइव्ह आहे त्यांनी तो मोडीत काढू नये असं मी सगळ्यांना सांगत असतो. बहुतेकांचं दुखणं एकच आहे. रात्री सॉफ्टवेअर प्रश्न विचारतं आणि उत्तर द्यायला तिथं कोणी नसतं.

प्रश्न (उद्यमबाग, बेळगाव): आमचं कास्टिंग आणि मशिनिंगचं युनिट आहे. एक विंडोज सर्व्हर, त्याला बाहेरून जोडलेला एलटीओ-६ चा एकच ड्राइव्ह, सॉफ्टवेअर बॅकअप एक्झेक. सोमवार ते शुक्रवार अशा पाच टेपा. बॅकअपचा जॉब रात्री ११ ला सुरू होतो, वॉचमन मामा संध्याकाळी टेप बदलतात आणि रात्री एकदा स्क्रीन बघतात. तरी आठवड्यातून दोन-तीन दिवस ‘ओव्हरराइट करता येईल अशी टेप घाला’ म्हणून अलर्ट येतो आणि जॉब सकाळपर्यंत तसाच लटकलेला असतो. टेप तर आतच असते! मामांचा फोन ठरलेला, ‘साहेब, परत टेप मागूलालंय की!’ ह्या प्रॉम्प्टला आपोआप ‘येस’ म्हणायची सेटिंग असते असं ऐकलंय, ती कुठं आहे?

उत्तर: सेटिंग आहे आणि ती कुठं आहे ते खाली सांगतोच, पण दादा, आधी मामांचं वाक्य नीट ऐका. टेप आत असताना सॉफ्टवेअर टेप मागतंय, म्हणजे त्याला टेप दिसत नाही असं नाही, टेप दिसतेय पण ती पुसायची परवानगी त्याला नाहीये. आणि ती परवानगी तुमच्याच सेटिंगनं अडवलीय.

बॅकअप एक्झेकमध्ये प्रत्येक टेप एका मीडिया सेटमध्ये असते आणि त्या सेटला दोन मुदती असतात. ओव्हरराइट प्रोटेक्शन पिरियड म्हणजे इतके दिवस ही टेप पुसायची नाही, आणि अपेंड पिरियड म्हणजे इतके दिवस ह्याच टेपवर मागच्या डेटाच्या पुढं लिहीत गेलं तरी चालेल. २०१२ च्या आवृत्तीपासून जो तयार सेट मिळतो त्याचं नावच ‘कीप डेटा फॉर ४ वीक्स’ आहे. आता पाच टेपा आणि प्रत्येक टेप चार आठवडे पुसायची नाही, हा हिशेब बसणारच नाही. पहिल्या आठवड्यात टेपा कोऱ्या असतात म्हणून सगळं सुरळीत चालतं, इन्स्टॉल करणारा माणूस पैसे घेऊन जातो, आणि दुसऱ्या सोमवारी पहिला अलर्ट येतो.

पण तुमच्याकडं तसंही नसावं, कारण तसं असतं तर जवळजवळ रोज अडलं असतं. तुम्ही आठवड्यातून दोन-तीन दिवस म्हणताय, त्यावरून मला वाटतं कोणीतरी ते चार आठवडे बदलून ७ दिवस करून ठेवलेत. ऐकायला बरोबर वाटतं ना, सोमवारची टेप पुढच्या सोमवारी, म्हणजे सात दिवस? इथंच सगळे फसतात. ही मुदत जॉब सुरू झाल्यापासून मोजत नाहीत, टेपवर शेवटचं लिहून झालं त्या वेळेपासून मोजतात. सोमवारी रात्री ११ ला सुरू झालेला जॉब मंगळवारी पहाटे ३ ला संपला तर ७ दिवस पुढच्या मंगळवारी पहाटे ३ ला पुरे होतात. आणि तुमचा जॉब येतो सोमवारी रात्री ११ ला. चार तास कमी! म्हणून सॉफ्टवेअर म्हणतं ही टेप चालणार नाही, दुसरी द्या. सकाळी तुम्ही येऊन जॉब कॅन्सल करता, म्हणजे त्या आठवड्यात त्या टेपवर काहीच लिहिलं जात नाही, मग त्याच्या पुढच्या सोमवारी ती टेप १३ दिवसांहून जुनी झालेली असते आणि जॉब गुपचूप पार पडतो, आणि त्याच्या पुढच्या सोमवारी परत अडतो. म्हणजे प्रत्येक टेप एक आठवडा आड अडते. मधे एखादी सुट्टी येते, एखाद्या रात्री लाइट जाते, त्यामुळं पाचही टेपांचा ताल वेगवेगळा होतो आणि आठवड्याला दोन-तीन अडलेल्या रात्री पदरात पडतात. मागच्या दोन महिन्यांची जॉब हिस्टरी उघडा आणि फक्त सोमवारच्या ओळी बघा, एक हिरवी एक लाल, एक हिरवी एक लाल अशी रांग दिसली तर हेच कारण.

उपाय पाच मिनिटांचा आहे. ह्या पाच टेपांसाठी ‘रोजचा’ म्हणून वेगळा मीडिया सेट करा, ओव्हरराइट प्रोटेक्शन ६ दिवस ठेवा, आणि जॉबमध्ये अपेंडचा पर्याय न घेता ‘ओव्हरराइट मीडिया’ निवडा. अपेंड का नको? कारण प्रत्येक वेळी टेपवर पुढं काही लिहिलं की पुसू नका ही मुदत परत पहिल्यापासून सुरू होते. मामा एखाद्या दिवशी टेप बदलायला विसरले तर मंगळवारचा डेटा सोमवारच्या टेपवर जाऊन बसतो आणि सोमवारच्या टेपची मुदत एक दिवस पुढं सरकते, की पुढच्या आठवड्यात घोळ.

दुसरं एक कारण तपासून घ्या, टेप खरंच भरत तर नाही ना. एलटीओ-६ च्या खोक्यावर ६.२५ टीबी छापलेलं असतं, पण ते २.५ पट कॉम्प्रेशन धरून आहे, खरी जागा २.५ टीबी. फोटो, झिप फायली, व्हिडिओ असलं आधीच दाबलेलं काही असेल तर ते आणखी दाबलं जात नाही. ड्राइव्हचा पूर्ण वेग सेकंदाला १६० एमबी, म्हणजे २.५ टीबी लिहायला साधारण ४ तास २० मिनिटं. रात्री ११ ला सुरू झालेला जॉब पहाटे साडेतीनच्या सुमारास टेप मागत असेल तर ती टेप भरलीय, मुदतीशी त्याचा संबंध नाही. त्याला दुसरी टेप किंवा कमी डेटा एवढेच उपाय, सेटिंगनं जागा वाढत नाही.

आता तुमची सेटिंग. कॉन्फिगरेशन अँड सेटिंग्जमध्ये अलर्ट्स अँड नोटिफिकेशन्स, त्यात अलर्ट कॅटेगरीज. तिथं मीडिया इन्सर्ट (टेप घाला), मीडिया ओव्हरराइट (ही टेप पुसू का), लायब्ररी इन्सर्ट असे प्रकार वेगवेगळे दिसतील. एकेकावर क्लिक केलं की खाली ‘इतक्या वेळानंतर अलर्ट आपोआप क्लिअर करा’ आणि ‘रिस्पॉन्ड विथ’ असे दोन पर्याय असतात, वेळ मिनिटांत, तासांत किंवा दिवसांत देता येते. तुमच्यासाठी मी असं ठेवीन: मीडिया इन्सर्टला ६० मिनिटांनी कॅन्सल, मीडिया ओव्हरराइटला ३० मिनिटांनी नो, आणि दोन्हीला ईमेल चालू. येस कुठंच नको. मीडिया इन्सर्टला ओके म्हणून काही होत नाही, ड्राइव्ह रिकामा असेल तर सॉफ्टवेअरच्या ओके म्हणण्यानं टेप आत जात नाही, ते परत विचारतं. कॅन्सलचा फायदा हा की जॉब फेल म्हणून नोंद होते, तुम्हाला मेल येतो, आणि सर्व्हर दुसऱ्या दिवशीच्या जॉबसाठी मोकळा राहतो. लटकलेला जॉब सगळ्यात वाईट, कारण तो यादीत फेल म्हणून दिसतच नाही, चालू आहे असं दिसतं, आणि त्याच्यामागं मंगळवारचा पण अडकतो.

आणि ही एक गोष्ट कृपा करून कराच. त्याच जॉबचं टेस्ट रन रोज संध्याकाळी ५ ला लावा. टेस्ट रन डेटा घेत नाही, फक्त पासवर्ड चालतो का, टेप आहे का, ती वापरता येते का हे बघून ठेवतो. मामांना टेप चारच्या चहानंतर लगेच बदलायला सांगा. ५ ला तक्रार आली तर तुम्ही ऑफिसात आहात, कपाटाची किल्ली तुमच्याकडं आहे, दोन मिनिटांत टेप बदलता येते. रात्री ११ चा प्रश्न संध्याकाळी ५ ला विचारून घ्यायचा म्हणजे मामांना रात्री फोन करायची वेळच येत नाही.

प्रश्न (निपाणी): आमच्या अकाउंट्स ऑफिसात आधीच्या माणसानं मीडिया ओव्हरराइटला आपोआप ‘येस’ लावून ठेवलं होतं, दोन वर्षं काही त्रास नव्हता. गणपतीच्या सुट्टीत महिन्याची टेप ड्राइव्हमध्ये तशीच राहिली आणि सोमवारच्या जॉबनं ती पुसली. त्या टेपवरून जुना डेटा मिळेल का? आणि आता काय करू?

उत्तर: ताई, पहिलं काम, ती टेप आत्ताच्या आत्ता ड्राइव्हमधून काढा, तिच्या मागच्या कडेची छोटी पट्टी सरकवून कुलपाच्या खुणेवर आणा आणि वेगळी ठेवा. पट्टी सरकवली की कुठलंही सॉफ्टवेअर काहीही म्हणो, ड्राइव्ह त्या टेपवर लिहीत नाही.

डेटा मिळेल का, तर साध्या ड्राइव्हवर नाही मिळणार, हे खरं सांगणं भाग आहे. टेपवर सुरुवातीपासून नवीन लिहिलं की जिथं नवीन डेटा संपतो तिथं ‘डेटा संपला’ अशी खूण पडते, आणि ड्राइव्ह त्या खुणेच्या पलीकडं जातच नाही. पलीकडं जुना डेटा चुंबकीय पट्ट्यावर असतो, पण तो वाचायला डेटा रिकव्हरीच्या लॅबमध्ये द्यावं लागतं, खर्च मोठा असतो आणि खात्री नसते. त्या महिन्याचे ट्रायल बॅलन्स, लेजर कोणाला मेल केले होते का, सीए कडं कॉपी आहे का, हे आधी शोधा.

ही चूक मी पण केलीय, त्यामुळं तुमची अवस्था मला कळते. बऱ्याच वर्षांपूर्वी एका ऑफिसचं काम बघत होतो, रात्री साडेअकराला फोन आला, स्क्रीनवर काय आलंय ते पलीकडचा पोरगा अडखळत वाचून दाखवत होता, मी अर्ध्या झोपेत ‘येस दाब’ म्हणालो आणि फोन ठेवला. सकाळी जाऊन ड्राइव्हमधली टेप बाहेर काढली तर लेबलवर माझ्याच अक्षरात ‘मार्च’ लिहिलेलं. पगाराचा वर्षाचा डेटा गेला होता. ते लेबल मी अजून जपून ठेवलंय. तेव्हापासून पुसायच्या प्रश्नाला आपोआप येस मी कोणाकडंही लावलेलं नाही.

आता पुढचं. मीडिया ओव्हरराइटला येस लागत होतं ह्याचा अर्थ तुमच्याकडं ओव्हरराइट प्रोटेक्शनची पातळी पार्शल किंवा नन केलेली असणार. ती फुल करा, म्हणजे मुदत न संपलेल्या आणि दुसरीकडून आलेल्या अशा दोन्ही टेपा सुरक्षित राहतात. मग टेपांचे तीन सेट करा. रोजच्या चार, सोमवार ते गुरुवार, ६ दिवस. शुक्रवारच्या चार, २७ दिवस. महिन्याच्या शेवटच्या शुक्रवारच्या बारा, ३६० दिवस. शुक्रवारला २७ का, तर ‘पहिला शुक्रवार’ परत २८ किंवा ३५ दिवसांनी येतो, मधला जॉब पहाटे संपतो तेवढी सवड ठेवायची. महिन्याच्या टेपला लोक हमखास ३६५ टाकतात, पण एका जानेवारीचा शेवटचा शुक्रवार ते पुढच्या जानेवारीचा शेवटचा शुक्रवार ३६४ दिवस असतो, कधी ३७१. ३६५ टाकलं की वर्षानं बरोबर त्या रात्री सॉफ्टवेअर अडून बसतं आणि वर्षापूर्वी काय टाकलं होतं ते कोणालाच आठवत नाही. सगळ्या मिळून वीस टेपा होतात.

मार्चची टेप ह्या फेऱ्यातून बाहेर काढा. लिहून झाली की पट्टी सरकवायची आणि दरवर्षी मार्चला नवीन टेप घ्यायची. जीएसटीचे हिशेब वार्षिक रिटर्नच्या शेवटच्या तारखेपासून ७२ महिने ठेवावे लागतात, आणि तुमचे क्लायंट कंपनी कायद्याखाली येत असतील तर हिशेबाची पुस्तकं ८ आर्थिक वर्षं, त्यामुळं त्या टेपा ८ वर्षं तरी हलवू नका. २०२२ च्या नियमबदलानंतर कंपन्यांना कॉम्प्युटरवरच्या हिशेबांचा बॅकअप भारतातल्याच सर्व्हरवर रोज ठेवावा लागतो, हे पण त्यांना सांगून ठेवा. आणि रोज शक्य तिथं ‘जॉब संपल्यावर टेप बाहेर काढा’ हा पर्याय चालू ठेवा. सकाळी ड्राइव्हच्या तोंडाशी अर्धी बाहेर आलेली टेप दिसली की येणारा-जाणारा कोणीही ती काढून ठेवतो, गणपतीच्या सुट्टीला जायच्या घाईत सुद्धा.

प्रश्न (खानापूर): सोसायटीत लिनक्सवर बॅक्युला हे बॅकअपचं सॉफ्टवेअर आहे. रोज ‘अमुक व्हॉल्यूम (म्हणजे टेप) माउंट करा किंवा नवीन लेबल करा’ असा मेसेज येऊन थांबतो. मला रोज घरून लॉगिन करून माउंट म्हणायला लागतंय. मी कॉन्फिग फाइलमध्ये रिटेन्शन (टेप पुसायची नाही ती मुदत) कमी केलं तरी फरक नाही.

उत्तर: तुमच्या प्रश्नात दोन वेगळे प्रश्न आहेत. माउंट म्हणायला लागू नये म्हणून स्टोरेज डीमनच्या (बॅक्युलाचा टेप सांभाळणारा भाग) डिव्हाइसमध्ये ‘ऑटोमॅटिक माउंट’ येस करा आणि ‘व्हॉल्यूम पोल इंटरव्हल’ १० मिनिटं द्या. मग टेप मागितल्यावर बॅक्युला दर दहा मिनिटांनी स्वतःच ड्राइव्हमध्ये डोकावून बघतो, कोणी टेप घातली असली की आपली आपण उचलतो, तुम्हाला लॉगिन करायची गरज नाही. कोऱ्या टेपेला आपोआप नाव पडावं वाटत असेल तर डिव्हाइसमध्ये ‘लेबल मीडिया’ येस आणि पूलमध्ये (टेपांच्या गटाच्या सेटिंगमध्ये) ‘लेबल फॉरमॅट’.

दुसरा प्रश्न म्हणजे घातलेली टेप तो घेत का नाही. तुमची टेप पहिल्या दिवसानंतर भरलेली नसते, तिची अवस्था ‘अपेंड’ अशीच राहते, आणि टेप फुल किंवा यूज्ड झाल्याशिवाय तिच्या रिटेन्शनचा हिशेब लागत नाही. म्हणून पूलमध्ये ‘व्हॉल्यूम यूज ड्युरेशन’ २३ तास द्या, म्हणजे एका रात्रीनंतर ती यूज्ड होते. मग ‘व्हॉल्यूम रिटेन्शन’ ६ दिवस, ‘ऑटोप्रून’ येस, ‘रिसायकल’ येस. इथंही ६ च, कारण उद्यमबागच्या उत्तरात जे लिहिलंय तेच, मुदत शेवटचं लिहिल्यापासून मोजली जाते.

आणि तुम्ही कॉन्फिग बदलूनही फरक का पडला नाही, ते ह्यात आहे: पूलमधली ही मूल्यं टेप पहिल्यांदा लेबल होताना कॅटलॉगमध्ये (बॅक्युलाच्या डेटाबेसमध्ये) कॉपी होतात. नंतर फाइल बदलली तरी जुन्या टेपांना जुनंच लागू राहतं. कन्सोलवर अपडेट कमांड देऊन, त्यात व्हॉल्यूम पॅरामीटर्स आणि पूलवरून सगळे व्हॉल्यूम असा पर्याय घ्या, मग नवीन आकडे जुन्या टेपांना लागतात. हे न कळल्यामुळं लोक रात्र रात्र फाइल बदलत बसतात, मी पाहिलंय.

जॉबला ‘मॅक्स वेट टाइम’ द्यायला विसरू नका, २ तास पुरे, म्हणजे लटकण्याऐवजी फेल होऊन मेल येईल. ‘पर्ज ओल्डेस्ट व्हॉल्यूम’ नावाचा पर्याय दिसेल, तो सगळ्यात जुनी टेप मुदत न बघता पुसायला घेतो, त्याला हात लावू नका. सोसायटीत सभासदांच्या ठेवींचे हिशेब असतात.

प्रश्न (चिकोडी, इंजिनिअरिंगचा विद्यार्थी): प्रोजेक्टमध्ये लिनक्सची टार ही कमांड वापरून दोन टेपांवर बॅकअप घेतोय. पहिली टेप भरली की ‘दुसरी तयार करा आणि एंटर दाबा’ म्हणतं. क्रॉनमधून (ठरल्या वेळी आपोआप) चालवताना एंटर कोण दाबणार, म्हणून येस कमांड पाइप करून रिकामं एंटर पाठवलं, जॉब संपला पण रिस्टोअर होत नाही.

उत्तर: होणार नाही बाळा, कारण तू टेप बदलायच्या आधीच एंटर दाबलं. पहिली टेप भरली, टारनं डिव्हाइस बंद केलं, तू टेप ड्राइव्हसाठी एसटी० हे डिव्हाइस वापरत असशील तर बंद करताना टेप सुरुवातीला गुंडाळली गेली, लगेच एंटर आलं, आणि दुसरा भाग पहिल्याच्या डोक्यावर लिहिला गेला. आता त्या टेपवर फक्त शेपूट आहे.

टारला त्यासाठी वेगळी सोय आहे, ‘एफ’ कॅपिटल, म्हणजे प्रत्येक टेप संपल्यावर चालणारी स्क्रिप्ट. ऑटोलोडर (टेपा आपोआप बदलणारं यंत्र) असेल तर त्या स्क्रिप्टमध्ये एमटीएक्स कमांडनं पुढची टेप लोड करायची. एकच ड्राइव्ह असेल तर स्क्रिप्टनं टेप बाहेर काढायची, मेल पाठवायचा, नवीन टेप आली का ते एमटी स्टेटस कमांडनं तासभर बघत राहायचं, आणि नाहीच आली तर चूक म्हणून बाहेर पडायचं. स्क्रिप्ट फेल झाली की टार तिथंच थांबतो, जुन्या टेपवर लिहीत नाही. नवीन टेप आलीय ती खरंच दुसरी आहे ना, हे पण स्क्रिप्टला तपासू दे, नाहीतर कोणीतरी तीच टेप परत आत ढकलतो. आणि अनेक टेपांचं टार करताना कॉम्प्रेशनचा पर्याय चालत नाही, ड्राइव्हच्या कॉम्प्रेशनवर भागवायचं. प्रोजेक्टच्या रिपोर्टमध्ये पहिल्या प्रयत्नात काय चुकलं ते पण लिही, परीक्षकाला तेच जास्त आवडेल.

प्रश्न (टिळकवाडी, बेळगाव): हेड ऑफिस कोल्हापूरला, शाखा इथं. शेड्यूल तिकडून लावलंय. १ नोव्हेंबरला आमचं ऑफिस बंद, तिकडं चालू, त्या रात्रीचा जॉब दरवर्षी जुन्याच टेपवर अडतो. शिवाय लेबलं मराठीत आहेत आणि नवीन पोरगं कन्नड शाळेत शिकलेलं, त्याला पटकन वाचता येत नाहीत.

उत्तर: कर्नाटकाची सुट्टी महाराष्ट्राच्या कॅलेंडरमध्ये नसते, त्यामुळं सीमेवरच्या शाखांचं हे नेहमीचं आहे. बॅकअप एक्झेकच्या शेड्यूलमध्ये ठरावीक तारखा वगळता येतात, तुमच्या शाखेच्या वर्षाच्या सुट्ट्यांची यादी जानेवारीतच कोल्हापूरला पाठवा आणि त्यांच्याकडून त्या तारखा वगळून घ्या. तोवर वर सांगितलेलं कॅन्सल आणि नो लावलं तर निदान २ नोव्हेंबरचा जॉब तरी मोकळा राहील.

लेबलांचं म्हणाल तर बारकोडवर इंग्रजी मोठी अक्षरं आणि आकडेच चालतात, सहा अक्षरं आणि शेवटी एल६ सारखी टेपची पिढी. पण माणसासाठी मी रंग सुचवीन. सोमवार पिवळा, मंगळवार हिरवा, असं टेपच्या कडेला गोल स्टिकर, आणि ड्राइव्हच्या वर भिंतीवर तेच रंग लावलेला कागद, त्याखाली वार मराठीत आणि कन्नडमध्ये दोन्हीत. एका ठिकाणी असा कागद लावला तर झाडलोट करणाऱ्या अक्कांनी सुद्धा एकदा ओळखून सांगितलं, आज निळी पाहिजे, आत हिरवी आहे म्हणून.

प्रश्न (बेळगाव कॅम्प): पावसाळ्यात ड्राइव्ह सारखी क्लीनिंग टेप मागतो. त्याला आपोआप रोज क्लीनिंग लावलं तर?

उत्तर: रोज नको. क्लीनिंग टेप साधारण ५० वेळा चालते, आणि गरज नसताना क्लीनिंग केलं तर ड्राइव्हच्या हेडची झीज होते. ड्राइव्ह दिवा लावेल तेव्हाच घाला, आणि प्रत्येक वेळी तिच्यावर तारखेसमोर एक खूण करा. सारखी मागत असेल तर टेपा कुठं ठेवता ते बघा. जास्त दिवस ठेवायच्या टेपांना १६ ते २५ अंश तापमान आणि २० ते ५० टक्के आर्द्रता लागते, आपल्याकडं जुलै-ऑगस्टमध्ये भिंतीला ओल येते आणि त्या भिंतीला टेकलेलं लोखंडी कपाट म्हणजे टेपांना सगळ्यात वाईट जागा. घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या घालून, प्रत्येक टेप तिच्या प्लास्टिकच्या केसमध्ये उभी ठेवा, आणि एसीच्या खोलीतून बाहेर किंवा बाहेरून आत आणलेली टेप लगेच ड्राइव्हमध्ये घालू नका, ती खोलीच्या तापमानाला येईपर्यंत थांबा, पावसाळ्यात मी तर सकाळी आणलेली टेप संध्याकाळीच घालतो.